झाकण घट्ट लाव

काकूच्या घरात शनिवारी सकाळची दोन कामं ठरलेली असत. आधी मारुतीला तेल, मग गाडीला सेल्फ. तेलाचा हात पदराला पुसत ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जायची, ड्रायव्हरच्या जागेवर बसायची, चोक ओढायची आणि किल्ली फिरवायची. गाडी दोनदा खोकून चालू व्हायची. मग काकू दोन्ही हात मांडीवर ठेवून, फाटकाकडे बघत, कपभर चहा उकळेल इतका वेळ बसून राहायची. शेवटी किल्ली उलटी फिरवायची आणि म्हणायची, "बरं, पुढच्या शनिवारी."

तिला गाडी चालवता येत नव्हती. काकांनी तिला चालू करणं आणि बंद करणं एवढंच शिकवलं होतं. मधलं सगळं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं.

काका शिप्रेवरच्या सिंहस्थात गेले. गेले म्हणजे काय झाले, ते कुणालाच माहीत नाही, आणि हीच तर आमच्या घराची गोष्ट आहे. पहाटे स्नानाला म्हणून पायी निघाले. गर्दीत गाडी नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून किल्ली खुंटीला लावली आणि दारातून काकूला सांगितलं, "गाडी आठवड्यातनं एकदा चालू करत जा, नाहीतर बसेल. आणि पेट्रोलचं झाकण घट्ट लाव, उन्हाळ्यात उडतं." एका स्नानाला जाणारा माणूस आठवड्याची सूचना का देऊन जातो, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पण आमच्याकडे असले प्रश्न मोठ्यांना विचारायची पद्धत नव्हती. काही जण म्हणाले, बुडाले. काही म्हणाले, साधूंच्या जथ्याबरोबर चालताना पाहिले. बुडालेला देह मिळाला नाही आणि जथ्यातला माणूस परतला नाही. त्यानंतर आणखी दोन सिंहस्थ होऊन गेले.

मी त्यांची पुतणी. बँकेतून निवृत्त झाले, नानाखेड्याच्या कॉलनीत राहते. गाडी मी त्यांच्याकडूनच शिकले, नानाखेड्याला नुसती शेतं होती तेव्हा. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे एकच लांबलचक सीट, रंग करडा. त्या रंगाला काका फार जपायचे. खंडेनवमीला काकू पूजेचं ताट घेऊन आली की ते बॉनेटपुढे हात आडवा करायचे. "इथे काही लावू नकोस, डाग पडतो. लावायचंच असेल तर मागे त्या झाकणावर लाव." तेव्हापासून काकू दर खंडेनवमीला तेलात कालवलेला शेंदूर मागच्या बाजूच्या पेट्रोलच्या झाकणावर लावत आली. नवऱ्याचा शब्द तिने असा धरून ठेवला की तो परत यावा आणि त्याला बोट दाखवायला जागा सापडू नये.

मला भुताखेतांचा राग येतो. म्हणजे भीती वाटत नाही असं नाही, पण आधी राग येतो. त्या गाडीत बसलं की अजून काकांच्या भाजक्या सुपारीचा वास यायचा. ड्रायव्हरच्या जागेला पडलेला खोलगा काकूच्या बारक्या देहाने कधी भरून निघाला नाही. मी कितीतरी वेळा म्हटलं, काकू, विकून टाक, नाहीतर कुणाला तरी देऊन टाक. ती म्हणायची, "आल्यावर विचारतील गाडी कुठाय, तर तू सांगशील का?"

यंदा उन्हाळ्यात काकूच्या छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आल्यावर तिने आपण होऊन विषय काढला. "मी आधी गेले तर ह्यांचं कोण बघणार? हे गेलेले असतील तर इतकी वर्षं पाण्याविना आहेत गं. आणि गेलेले नसतील, तर जित्या माणसाचं श्राद्ध घालायचं पाप माझ्या माथी. सांग, काय करू मी?"

बारा वर्षं उलटली की दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो, हे गुरुजींनी तिला कधीचं सांगून ठेवलं होतं. तिनेच तेव्हा ऐकलं नव्हतं. आता तिने हो म्हटलं, पण एक अट घालून. पितृपक्षात पिंडदानाला सिद्धवटावर जायचं, आणि जायचं ते ह्यांच्याच गाडीतून. "गाडी पोचली तर मी समजेन, ह्यांची हरकत नाही. रस्त्यात थांबली तर समजेन, हे आहेत."

ही अट ऐकून मी कपाळावर हात मारला. काका गेल्यापासून शेडमधून बाहेर न पडलेली गाडी शहर ओलांडून भैरवगढच्या त्या घाटापर्यंत न्यायची, तीही देवाला कौल लावल्यासारखी. पण तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. टायर बदलले, बॅटरी नवी घातली, ब्रेक करून घेतले. गुरुजींशी बोलून पितृपक्षातला एक दिवस ठरवला. विधी माझ्या भावाच्या हातून व्हायचा होता, तो इंदूरहून थेट घाटावर येणार होता.

निघताना काकूने माझ्या हातावर दही ठेवलं, झाकणाला शेंदराचं बोट लावलं, झाकण दोन्ही हातांनी आवळलं आणि शेजारी येऊन बसली. देवास गेटमागच्या गल्लीतून गाडी बाहेर पडली आणि मला खरंच हसू फुटलं, इतकी छान चालत होती. चहाच्या टपरीवरचे म्हातारे उठून बघत होते. "ओ हो, बाई, कहाँ से निकाली!" असं कुणीतरी ओरडलं. काकूने पदर सारखा केला. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर निघाल्यासारखी दिसत होती ती.

भैरवगढ लागायच्या जरा आधी एक वळण आहे. तिथे छापकाम करणारे लोक धुतलेल्या चादरी वाळत घालतात. त्या वळणावर गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि बंद पडली. मी सेल्फ मारला. चालू झाली, दोन श्वास घेतले आणि परत बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. शेवटी मी किल्ली सोडून दिली.

आणि त्या शांततेत मागून आवाज आला. बारीक, लांब, नाकातून कुणी सावकाश श्वास ओढून घ्यावा तसा. माझ्या मानेवर काटा आला. मी आरशात बघितलं. मागच्या सीटवर दुधाचा तांब्या आणि तिळाची पुडी, बाकी काही नव्हतं.

"ऐकलंस?" काकू म्हणाली. तिचा आवाज घाबरलेला नव्हता. "झोपेत असाच श्वास घ्यायचे हे."

"काकू, गाडी जुनी आहे. कुठूनही आवाज येतो."

"येतो ना. मी कुठे नाही म्हणते? चल, ऑटो बघ. घरी जाऊ."

त्या रात्री तिने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. भावाला घाटावरून रिकाम्या हाताने परत जावं लागलं, तो फोनवर माझ्यावरच चिडला. आणि काकूने सकाळी अंघोळ करून नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं. मला तिचा इतका राग आला, आणि तो राग कुठे काढावा ते कळेना.

देवास गेटजवळ जुन्या गाड्यांचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. ते माझ्याबरोबर त्या वळणावर आले. पेट्रोल आहे की नाही बघायला त्यांनी झाकण काढलं, आत काडी घालून पाहिली, आणि सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात चालू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खोटं बोलून त्यांना ऊन खायला आणलंय.

"दीदी, इंजन तो मक्खन है."

तरी मी गाडी त्यांच्याकडे ठेवली. त्यांनी पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर खोलून जेटमधला कचरा फुंकून काढला, पेट्रोल पंपाचा पडदा नवा घातला. रोज संध्याकाळी फिरवून बघायचे आणि रोज सांगायचे की गाडी एकदाही बंद पडली नाही. मी स्वतः घेऊन नानाखेड्यापर्यंत गेले आणि परत आले. वाटेत बसस्टँडच्या गर्दीत मुद्दाम अडकले. इंजिन हूं की चूं नाही.

आता मला खरंच भीती वाटायला लागली. मिस्त्रींच्या हातात चालते, माझ्या हातात चालते, आणि काकू शेजारी बसली की थांबते, याचा अर्थ काय लावायचा? एवढी वर्षं बँकेत खोट्या सह्या पकडणारी मी, रात्री उशीत तोंड घालून विचार करत होते की काका, तुम्ही आहात का? असाल तर एकदा सरळ दारात या ना. बायकोला असं वळणावर काय उभं करता?

पितृपक्ष संपायच्या आत पुन्हा एकदा कौल लावायला मी काकूला कसंबसं तयार केलं, भावालाही परत घाटावर बोलावलं. सर्वपित्री अमावास्येला सकाळीच मी गॅरेजमधून गाडी घेऊन काकूच्या अंगणात आले. काकू मागच्या बाजूला गेली आणि तिचा आवाज चढला. पेट्रोलच्या तोंडात मिस्त्रींनी फडकं कोंबलेलं होतं आणि झाकण डिकीत पडलेलं होतं. त्यांची ती सवयच असावी.

"हे काय करून राहिलेत लोक? सगळं उडून गेलं असेल. ह्यांनी पाहिलं असतं तर त्या माणसाला उभं नसतं केलं." तिने फडकं ओढून फेकलं, झाकण पदराने पुसलं, शेंदूर लावला आणि आवळलं. दात आवळून, पूर्ण जोराने.

आम्ही निघालो. काकूने आज नवी साडी नेसली नव्हती, धुतलेली साधी सुती होती. शहर मागे पडलं. वळण आलं, चादरी दिसल्या, आणि गाडीने आचका दिला.

त्याच जागी. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

काकू कुजबुजली, "आहेत गं. आहेत." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

मागून तो श्वास सुरू झाला. या वेळी मी आरशात बघितलं नाही. भीती कुठे संपली आणि राग कुठे सुरू झाला ते सांगता येणार नाही, पण मी दार ढकलून उतरले ते भांडायला निघाल्यासारखीच. जे कुणी असेल त्याला म्हणणार होते, बस करा आता. मागे गेले. आवाज गाडीच्या आतून येत नव्हता. बाहेरून येत होता, डाव्या अंगाने. मी वाकले. शेंदराने लालभडक झालेल्या त्या झाकणाच्या कडेला कान नेला. तिथेच होता तो श्वास.

मी झाकण फिरवलं. ते सहज सुटेना, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं घट्ट होतं. पदर गुंडाळून जोर लावला. सुटलं, आणि टाकीने एक मोठा घोट घ्यावा तशी हवा आत ओढली. मग सगळं शांत झालं.

झाकण हातात घेऊन मी उलटंसुलटं बघितलं. आतल्या बाजूला मधोमध एक बारीक भोक होतं. बाहेरच्या बाजूने ते दिसतच नव्हतं. तिथे वर्षांवर वर्षं बसलेल्या शेंदराची नखाएवढी जाड खपली होती. काकांनीच मला कधीतरी सांगितलेलं आठवलं, नानाखेड्याच्या शेतात गाडी शिकवताना नव्हे, अंगणात धुताना. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. इंजिन उपाशी राहतं. थोडं चालतं, आणि मरतं. शेडमध्ये शनिवारी चहाच्या उकळीएवढं चालायला हवा लागत नव्हती. मिस्त्रींकडे फडकं होतं, हवा जात होती. काकू बसली की थांबते, कारण काकू बसायच्या आधी झाकण आवळते.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. तिथे चादरींच्या वाऱ्यात उभी राहून मी विचार करत होते की हे झाकण मी पुन्हा तसंच लावलं तर कुणाला कळणार आहे? ऑटो करू, घरी जाऊ, ती दोन पोळ्या जास्त खाईल. तिचा नवरा जिवंत राहील. तिला सांगितलं, तर काकांना मारणारी मी. शिप्रा नाही, सिंहस्थ नाही, मी. काकांना ज्यात शेवटचं पाहिलं तो दरवाजा माझ्याच हाताने बंद होणार होता, आणि त्या क्षणी मला कळलं की शेड उघडताना माझंही लक्ष इतकी वर्षं फाटकाकडे जायचं.

दार उघडल्याचा आवाज आला. काकू उतरून, गाडीला धरत धरत मागे आली.

"आवाज का थांबला?" तिने विचारलं.

मी झाकण पुढे केलं. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण सुपारीचा वास आला, आणि नाही बोलता आलं. मी तिला सगळं समजावलं. हवा, भोक, शेंदूर. तिने झाकण हातात घेतलं आणि अंगठा त्या खपलीवरून फिरवत राहिली.

"ह्यांनीच सांगितलं होतं, घट्ट लाव."

"हो काकू."

"आणि इथेच लाव म्हणाले होते."

"हो."

"म्हणजे मीच कोंडून धरलं होतं, म्हण."

रस्त्यावरून पिंड घेऊन जाणाऱ्या लोकांनी भरलेली एक जीप गेली, त्यातल्या बायका आमच्याकडे वळून बघत होत्या. काकूने अंबाड्यातला आकडा काढला. पांढऱ्या केसांची बट मानेवर पडली. तिने आकड्याच्या टोकाने शेंदूर कोरायला सुरुवात केली. मी म्हटलं, दे, मी करते. तिने हात बाजूला घेतला. लाल पापुद्रे तिच्या साडीवर पडत होते. शेवटी आकडा आरपार गेला. तिने झाकण डोळ्यापुढे धरून त्या भोकातून आभाळ बघितलं, मग स्वतःच जाऊन झाकण लावलं. तेवढंच घट्ट.

"चल," ती म्हणाली. "बघू, काय म्हणतात."

गाडी चालू झाली. मी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला. चादरी मागे गेल्या. मला कारण माहीत होतं, समोर कोरून काढलेलं पाहिलं होतं, आणि तरी माझं सगळं अंग त्या आचक्याची वाट बघत होतं. एकदा रस्त्यातल्या खड्ड्याने गाडी हलली तेव्हा काकूने पुढची पट्टी घट्ट धरली आणि तिच्या ओठांवर काहीतरी आलं. इंजिन चालतच राहिलं. मी अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय हलका केला, अगदी हलका. त्यानेही ते बंद पडलं नाही. इतकी सुरेख चालणारी गाडी मला आयुष्यात कधी एवढी निर्दय वाटली नव्हती.

सिद्धवटाच्या अलीकडे गर्दीच गर्दी होती. मी गाडी कडेला लावली. भाऊ धोतरात उभा होता. आम्हाला बघून त्याने गुरुजींना हात केला. वडाच्या पारावर लोक दुधाचे तांबे रिकामे करत होते. काकू हलली नाही. मी इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे जरा."

आम्ही बसलो. गाडी शनिवारसारखी घरघरत होती. काकूने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघितलं. समोर फाटक नव्हतं, गर्दी होती, ओल्या धोतरांतली, डोकं भादरलेली, कितीतरी माणसं, आणि ती एकेका चेहऱ्यावर नजर थांबवत होती. मीही बघत होते. भाऊ दोनदा हात करून थकला. गुरुजींनी दर्भ सोडवायला घेतला.

मग काकूने माझ्या पुढून हात घातला आणि किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबलं. मी मागे कान दिला. कुठलाही आवाज आला नाही. तिच्या तोंडून नेहमीचं "बरं, पुढच्या शनिवारी" येईल म्हणून मी थांबले. तिने दुधाचा तांब्या उचलला आणि दार उघडलं.